लोणावळ्यात पाऊसच नाही!

बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, आणि हिराच्या हातातल्या, संगणकानं छापलेल्या कागदावर लोणावळा कोरडा ठाक!

"म्हंजी मी भिजलोच न्हाई व्हय?"

तिनं दचकून वर पाहिलं. भुशीला पाऊस मोजणारा नथू दारात निथळत उभा होता. एरवी मापांची चिठ्ठी शिपाई आणायचा. आज तो रजेवर, म्हणून स्वारी थेट संगणकाच्या खोलीत!

"हसू नका हो…" हिरानं कागद टेबलावर ठेवला. नोकरी पक्की झाली तर ठीक, नाहीतर दिवाळीआधी बोहल्यावर, असं आंबीहून निघताना आबांनी बजावलं होतं. आणि हा घोळ निस्तरायला साहेबांनी संध्याकाळपर्यंतच मुदत दिली होती.

"काल बरोबर चाललं होतं! यंत्रात खणांची ओळ असते. माझा प्रोग्रॅम पहिल्या खणापासून बसायचा. आता तिथं दुसराच मोठा येऊन बसलाय, म्हणून माझा पुढं सरकवला. मग आत जिथं जिथं 'अमक्या खणात बघ' लिहिलंय, तो आकडा तेवढाच वाढवावा लागतो. वाढवतं यंत्रच, आपण फक्त खुणा करायच्या. केल्या की सगळ्या…"

नथूनं डोकं पुसलं. "आमचं गाव धरणात गेलं, तवा आमी बी सरकलो की माळावर. पाणवठा कुटं, देऊळ कुटं, समदं नव्यानं शिकाय लागलं. पर म्हणून काय आई भाकरी जास्त थापाय लागली? खाणारी तोंडं तितकीच!"

हिरा त्याच्याकडे बघतच राहिली.

"अगं बाई… दिवस!"

घाईघाईत तिनं महिन्याच्या दिवसांच्या आकड्यालाही खूण केली होती; तो काही खणाचा पत्ता नव्हता, नुसती मोजणी! एकतिसाचे झाले हजारो! त्यांनी भागल्यावर रोजचा पाऊस उरणार तरी किती? तिनं तेवढी एक खूण काढली. यंत्र खडखडलं, आणि कागदावरचा लोणावळा चिंब भिजला.

नोकरी पक्की झाली. शिपाई रजेवरून परतला, तरी चिठ्ठी मात्र नथूच आणू लागला. पाऊस संपला, थंडी पडली, तरी येतोच आहे!

"आज किती?" हिरानं ओठ दाबून विचारलं.

"निरंक."

"निरंक सांगायला भुशीहून चालत आलात?"

नथू कानापर्यंत लाल झाला. "तुमी… सरकाल का? आमच्या माळावर?"

"सरकले तर… काय काय बदलायचं?"

"दार. पाणवठा. नोकरी न्हाई बदलायची… अन् हे चिडवणं तर मुळीच न्हाई."

तिचे डोळे भरून आले. "त्या दिवशी तुम्ही आला नसता ना, तर आज मी कुठल्या अनोळखी चुलीपुढं बसले असते. कसे उपकार मानू तुमचे?"

"माझं कसलं? आईच्या भाकरीचं."

"आबांना मी सांगते. आता ते माझं ऐकतात," हिरा पदर सावरत म्हणाली. "तुम्ही आईंना सांगा…"

"काय?"

"आता मात्र एक भाकरी जास्त थापा."