अमोलच्या हातचे बाण

कुंडलिकमामांच्या ओटीवर त्या रात्री कल्याणची चार पोरं उतरली होती. सायकली भिंतीला टेकवलेल्या. पहाटे उठून धरणाच्या कडेकडेनं किन्हवली, सरळगाव करत मुरबाड गाठायचं, असा त्यांचा बेत. जेवणं झाली आणि लाइट गेली. मिताली नावाच्या पोरीनं अंधारातच विचारलं, "मामा, चारला निघालो तर चालेल ना? रस्ता मोकळा मिळतो."

"निघा की," मामा म्हणाले. "फक्त जुन्या रस्त्याच्या फाट्यावर थांबू नका. कोण उभं दिसलं तरी थांबू नका."

"का, भूत आहे?" विपुल हसला. चौघांत तोच जास्त बोलणारा.

मामांनी बॅटरी पेटवली आणि उजेड सरळ त्याच्या छातीवर मारला. टी-शर्टवर एका तरण्या माणसाचा फोटो होता.

"हा कोण, ठाऊक हाय?"

"मागच्या एका राइडचा टी-शर्ट आहे. कोणी व्हॉलंटियर होते. वारले."

"व्हॉलंटियर!" मामांनी बॅटरी विझवली. मग म्हणाले, "अमोल त्याचं नाव. बस खाली. त्याचा धाकटा भाऊ किशोर, त्यानं माझ्यासमोर बसून सांगितलंय ते सांगतो. आता हस."

आणि मामांनी सांगितलं ते असं.

दोन हजार चोवीस सालचा डिसेंबर, अठ्ठावीस तारीख, शनिवार. अमावास्या दोन दिवसांवर. किशोर दुपारी शहापूरच्या बाजारात चुना आणायला गेला. कळीचा चुना आणि एक नवा कुंचा. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "दादाचं काम तू धरलंस, बरं केलंस रे." किशोरनं पिशवी उचलली आणि निघाला.

दादाचं काम म्हणजे बाण काढणं. धरणाच्या बाजूला प्रत्येक पाड्याला फाटा फुटतो आणि फोनला रेंज नसते. शहरातल्या सायकलवाल्यांना वाट कळावी म्हणून अमोल राइडच्या आदल्या रात्री बादलीत चुना कालवून निघायचा आणि फाट्याफाट्यावर बाण काढायचा. दिवसा काढून उपयोग नाही, ट्रॅक्टर आणि गुरं तुडवून टाकतात. एका फाट्याला तीन बाण. एक अलीकडे, एक वळणावर आणि एक वळून गेल्यावर. तो तिसरा कशाला, असं कोणी विचारलं की अमोल सांगायचा, "माणसाला कळाया नको का, आपण चुकलो नाय म्हणून?"

त्याच वर्षी दहा नोव्हेंबरला, पहाटे चारच्या सुमाराला, तो रस्त्यात उकिडवा बसून असाच बाण काढत होता. मागून गाडी आली. कुठली, ते आजवर कळलं नाही. उडवून गेली. राइड काढणाऱ्या सायकल क्लबनं ऐंशी सायकलवाल्यांना चमकणारी जॅकेटं दिली होती. अमोलला नव्हतं.

आणि पोरांनो, खरी आग पुढेच आहे. पहिले दहा-बारा सायकलवाले त्याच्या बाजूनं गेले. अंगाखांद्यावर चुना सांडलेला, रस्त्याच्या कडेला पडलेला माणूस त्यांनी बघितला. त्यांना वाटलं, दारू पिऊन पडलाय. त्यानंच काढलेला बाण बघून ते वळले आणि पुढे गेले. साडेपाचला दूधवाला थांबला, तेव्हा अमोल अजून गरम होता.

क्लबचे सर पोलिसांना म्हणाले, "रात्री जा असं आम्ही त्याला सांगितलं नव्हतं."

तेच सर डिसेंबरात घरी आले. अमोलच्या नावानं श्रद्धांजली राइड काढणार म्हणाले. सगळ्यांच्या पाठीवर-छातीवर त्याचा फोटो. एक टी-शर्ट त्यांनी हिराबाईंच्या, म्हणजे अमोलच्या आईच्या हातात ठेवला. म्हातारीनं फोटोवरून हात फिरवला आणि विचारलं, "धुतल्यावर जाईल का हो ह्यो?"

"नाही मावशी, प्रिंट पक्की आहे." मग सर किशोरकडे वळले. "बाण तू काढलेस तर अमोलला बरं वाटेल."

किशोरच्या हातात तेव्हा कोयता होता. लाकडं फोडत होता तो. त्यानं कोयता ओंडक्यात मारून ठेवला आणि म्हणाला, "काढतो."

शाळा त्यानं सातवीत सोडलेली. डोकं गरम. एकदा मनात आलं की पाय आधी निघायचे. पण ह्या वेळी त्यानं नीट ठरवून ठेवलं होतं.

जुन्या रस्त्याचा फाटा तुम्हाला सकाळी लागेल. धरण झालं तेव्हा खालचं गाव उठलं, पण गावात जाणारा डांबरी रस्ता तसाच राहिला. सरळ उतार. दोनशे पावलं जातो आणि पाण्यात शिरतो. आपला रस्ता त्याच जागी डावीकडे वळतो. जुन्यावर कोणी जाऊ नये म्हणून एक बांबू आडवा बांधलेला असतो, बाकी काही नाही. डिसेंबरात धरण तुडुंब. पहाटे पाण्यावरून धुकं वर चढतं आणि सायकलचा दिवा चार हातांपलीकडे पोचत नाही. बाण सरळ असला, बांबू नसला, आणि ऐंशी जण उतारावर जोरात सुटले... समजलं ना?

रात्री दीड वाजता किशोर बादली घेऊन निघाला. खांद्यावर म्हसा गावच्या जत्रेत घेतलेलं घोंगडं.

हिराबाई जागीच होती. "तू नको जाऊ रे. एक गेला ना."

"तू झोप, आये."

"त्यांना सांग दुसरा बघा."

"सांगतो. आज सगळं सांगतो त्यांना."

आधीचे फाटे त्यानं बरोबर काढले. तीन-तीन बाण. लोकांना भरवसा बसायला पाहिजे होता. पावणेतीनला तो जुन्या रस्त्याच्या फाट्यावर पोचला. बांबू सोडून झुडपात टाकला. कुंचा बुडवला आणि सरळ उताराकडे तीन बाण काढले. मोठे, ठसठशीत. मग वरच्या अंगाला एका दगडावर घोंगडं पांघरून बसला. बघायचं होतं त्याला. एकेक जण पाण्यात जाताना बघायचं होतं.

धुकं चढलं. समोरचा रस्ता दिसेना.

सव्वातीनला आवाज आला.

टिक टिक टिक टिक. सायकलवर पाय थांबवले की मागच्या चाकातून येते, ती टिकटिक. उतारावरून कोणीतरी सावकाश येत होतं. दिवा नव्हता. टिकटिक फाट्यावर आली आणि थांबली.

मग कुंच्याचा आवाज. डांबरावर ओला कुंचा ओढल्याचा. खर्र... खर्र...

किशोरनं बॅटरी मारली. कोणी नाही.

तो खाली उतरला. त्याचे तिन्ही बाण गेले होते. पुसलेलेसुद्धा वाटत नव्हते, कोरडं डांबर होतं नुसतं. डावीकडे, नव्या रस्त्यावर, तीन बाण. चुना ओघळत होता. जुन्या रस्त्यावर बांबू आडवा. बांधलेला.

भीती आधी यायला हवी होती. त्याला आला राग. त्यानं ओले बाण घोंगड्यानं पुसले, बांबू ओढून काढून पाण्याच्या दिशेनं भिरकावला आणि पुन्हा सरळ बाण काढले. शिव्या देत काढले. शेवटचा संपवून मान वर केली.

बांबू जागेवर होता.

मागं बघितलं. पहिला बाण नव्हता.

"समोर ये!" किशोर ओरडला. "हिंमत हाय तर समोर ये ना! त्यांच्या बाजूनं काय उभा राहतोस? बाजूनं गेले रे ते तुझ्या... बघून गेले... तुला बेवडा समजले ते, दादा!"

काही नाही.

"एकानं तरी उतरून बघितलं का? एकानं?"

...

"बोल ना."

टिक टिक टिक. बांबूच्या पलीकडे. खाली, पाण्याकडे. चालली.

किशोरनं कुंचा टाकला. बांबूखालून वाकून गेला. पळाला. बॅटरी कुठे पडली, कळलं नाही. टिकटिक पुढेच. त्याच्या वेगानं. तो थांबला की थांबायची.

"दादा, थांब. मी येतो."

पायाला गार लागलं. तो थांबला नाही. गुडघे. कंबर. खाली डांबर लागत होतं. टिकटिक आता पाण्याखालून येत होती. छाती.

मग ती बंद झाली.

चारी बाजूंनी धुकं. चारी बाजूंनी सारखंच पाणी. काठ कुठे, कळेना. तो फिरला, पुन्हा फिरला. पायाखालचा रस्ता सुटला. एकदा पाणी नाकात गेलं. वर आला. हाक मारायला तोंड उघडलं... तोंडात पाणी.

त्यापुढचं त्याला आठवत नाही. खूप विचारलं त्याला. नाही आठवत.

शुद्धीवर आला तेव्हा तो बांबूच्या अलीकडे, डांबरावर बसलेला होता. कपडे निथळत होते. दात वाजत होते. आणि उतारावरून सायकली येत होत्या.

ऐंशी. एकामागून एक. बाण बघून डावीकडे वळत होत्या. प्रत्येकाच्या पाठीवर अमोल, मागच्याच्या दिव्यानं उजळलेला. एक अमोल गेला की दुसरा. सगळे किशोरकडे बघत लांब जात होते. कडेला भिजून कुडकुडत बसलेला माणूस सगळ्यांनी बघितला.

एकसुद्धा थांबला नाही.

मामा इथे थांबले. विपुलनं टी-शर्टवर जॅकेट ओढलं होतं. "मग... पोलिसांत?" मितालीनं हळूच विचारलं.

"काय सांगणार? कोणी मेलं नव्हतं. किशोरनं आईलाबी सांगितलं नाय. तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर माझ्याकडे आला. म्हणाला, मामा, मी वर आलो कसा? मी म्हटलं, पोहत आला असशील. म्हणाला, मला पोहता येत नाय."

मग मामांनी शेवटचं सांगितलं. पुढच्या वर्षी अक्षय्य तृतीया झाली आणि धरणाचं पाणी उतरलं. मे महिन्यात ते दरसाल मागं हटतं आणि जुना रस्ता पार खालच्या गावापर्यंत उघडा पडतो. किशोर मामांना घेऊन गेला. भर दुपार. डांबरावर गाळ सुकून त्याच्या खपल्या उठल्या होत्या, पायाखाली कुरकुर मोडत होत्या. बांबूपासून ते खाली चालत गेले. रस्ता मोकळा होता, कुठे काही नाही. त्या रात्री पाणी छातीला लागलं होतं तिथे किशोर थांबला.

तिथे बाण होता. चुन्याचा. गाळाच्या वर काढलेला.

त्याच्या खाली दहा पावलांवर आणखी एक. त्याच्याही खाली एक. पाण्याच्या आत, दिसेल तिथवर, आणखी.

सगळ्यांची तोंडं वर, घराकडे.

किशोर खाली बसला. त्या रात्री त्या जागेवर छातीभर पाणी होतं आणि आता ऊन असं होतं की डांबराला हात लावणं मुश्कील. त्यानं बाणाला बोट लावलं आणि मामांसमोर धरलं.

चुना ओला होता.