ओळीतलं नववं चित्र

त्या खेळातला माणूस आठ ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच होता. डोळा म्हणजे एकच काळा ठिपका.

पुढचं ऐकून काही जण हसतील. खुशाल हसा. पण घडलं ते असंच.

फेब्रुवारीतला रविवार. दुपारचे सव्वातीन. तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली. आणि जिच्यासमोर घडलं ती ताई प्रयोगशाळेत रोज रक्तपेशी मोजते. तिची मोजणी सहसा चुकत नाही.

खोली तिच्या धाकट्या भावाची. नऊ वर्षांपूर्वी तो घराबाहेर पडला, तो पुन्हा दिसलाच नाही. त्याला मृत समजलं जावं, असा कोर्टात द्यायचा अर्ज दोन वर्षं टेबलावर पडून होता. ताईची सही तेवढी राहिली होती.

"सही करशील, आणि उद्या तो दारात उभा राहिला तर?" आई एवढंच म्हणायची.

ताईचं पेन तिथेच अडायचं.

त्या दुपारी तिने माळ्यावरून त्याचा जुना व्हिडिओ गेम काढला. टीव्हीला जोडला. चित्र उमटलं. किती ओबडधोबड! आणि लहानपणी हेच किती खरं वाटायचं...

"चालतो का गं अजून?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"चालतो की. तुझ्या मिक्सरपेक्षा बरा!"

तेवढ्यात तिला दिसलं... चित्रं लुकलुकत होती.

त्या गेमला एका आडव्या ओळीत आठच चित्रं काढता येतात. नववं आलं, की तो आळीपाळीने एकेक गाळतो. म्हणून लुकलुक. हे तिला धाकट्यानेच शिकवलं होतं.

तिने मोजलं. सात पहारेकरी, एक तिचा माणूस. आठ.

पुन्हा मोजलं.

आठच.

मग लुकलुक कशाची?

तिने आपला माणूस शिडीने वरच्या मजल्यावर नेला. खालची लुकलुक थांबली. वर सात पिंपं आणि तिचा माणूस. सगळं स्थिर.

एक सेकंद... दोन... तीन...

वरची ओळ लुकलुकू लागली.

कुणीतरी तिच्यामागून शिडी चढून आलं होतं.

धाकटा असाच खेळायचा. शेपटासारखा तिच्या मागे मागे. "पुढे हो की रे, भित्र्या!" म्हणून ती ओरडायची. "तू हो आधी. मी आहे ना मागे," तो म्हणायचा.

ती खाली उतरली. थोड्या वेळाने लुकलुकही उतरली.

गेम जुना, आतलं काहीतरी तापलं असेल. हे कारण ती आजही स्वतःला देते. पटत मात्र नाही.

तिने गेमचा रिमोट जमिनीवर ठेवला. तिचा माणूस जागच्या जागी उभा. लुकलुक तशीच चालू...

ती हलल्याशिवाय तिच्यामागचं ते हलणार नव्हतं.

आई चहा घेऊन दारात आली. "काय गं, चेहरा का असा पांढराफटक?"

ताईने पडद्यावरून नजर हटवली नाही.

"आई, मी उद्या त्या अर्जावर सही करणार आहे."