पाठीमागची मूठ

गौरजा आणि विनीतची ओळख झाली ती तिच्या पाठीत बसलेल्या चेंडूनं. कुडाळच्या टेनिस क्लबची सगळ्यांना खुली मिश्र दुहेरी स्पर्धा, जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या. नेटजवळ उभी गौरजा, मागून सर्व्हिस करणारा तो कसालच्या शाळेतला गणिताचा मास्तर... आणि धप्प!

"लागला काय ओ?" तो धावत आला. चेहरा पार उतरलेला.

"लागला तर! बॉल पलीकडे मारूचो असता, मास्तर."

पाठ चोळत ती हसली. दहा वर्षं देशोदेशी फक्त दुहेरी खेळणाऱ्या या मुलीला असा साथीदार कधी मिळाला नव्हता. खरं तर सध्या तिला साथीदारच नव्हता. सहा वर्षं तिची जोडीदार असलेली तन्वी खेळ सोडून संसाराला लागली होती, आणि गौरजा धामापूरला आईवडिलांकडे येऊन नव्या जोडीदाराची वाट बघत बसली होती.

दोघं पहिल्याच फेरीत हरली. सराव मात्र थांबला नाही! रोज संध्याकाळी ती त्याला खुणा शिकवायची. नेटवरच्यानं मागच्या जोडीदाराला दिसेल असा हात पाठीमागे घ्यायचा. बंद मूठ, म्हणजे मी माझ्या जागेवरच राहणार. उघडा पंजा, म्हणजे मी तुझ्या बाजूला येतेय.

"माका तुझो पंजोच बरो दिसता गो," एव्हाना 'ओ'वरून 'गो'वर आलेला विनीत एकदा बोलून गेला, आणि स्वतःच लाजला.

महिन्याभरानं मेल आली. नवी जोडीदार मिळाली होती – सहा महिने युरोप! गौरजाला आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली. दोन वर्षांपूर्वी तिचं ठरलेलं लग्न एकाच प्रश्नावर मोडलं होतं, "अजून किती दिवस खेळणार?" विनीतनंही तेच विचारलं तर? तो तिला आवडत होता. मनापासून आवडत होता.

तिनं त्याला धामापूरच्या तळ्यावर बोलावलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

विनीत उठला, चार पावलं पुढे गेला आणि पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. संपलं... तिला वाटलं. तेवढ्यात त्याचा हात हळूच पाठीमागे आला.

बंद मूठ.

"माझे बाबा जहाजार होते," तो मागे न बघताच म्हणाला. "वर्षाचे नऊ महिने. आमच्या घराक वाट बघूची सवय आसा. तू खेळ गो. मी खंय जाणार नाय."

"आणि कंटाळलस तर?"

"तर पोरांका आणखी गणितां घालीन!"

गौरजाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. केवढं ओझं उतरलं होतं! ती उठली, त्याच्या पुढे जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि हात मागे केला. उघडा पंजा.

विनीतनं त्यात आपला हात ठेवला. या खेपेला मास्तरांचा नेम चुकला नाही.