मऊ मातीचे टायर

निकिताची स्कूटी बोरीच्या अलीकडच्या वळणावर घसरली, तेव्हा पाऊस असा नव्हताच. नुसती भुरभुर होती. पण सोयाबीन काढायला गेलेल्या ट्रॅक्टरांनी वावरातला काळा चिखल डांबरावर आणून टाकला होता, आणि त्या चिखलापुढे ब्रेकचं काही चालत नाही. झरीला मामाकडे जाऊन परत सेलूला निघालेली निकिता स्कूटीसकट अलगद रस्त्याच्या कडेला जाऊन बसली, पाहुणी सतरंजीवर बसावी तशी.

मागून एक मोटरसायकल आली. मडगार्ड काढलेली, चिखलानं माखलेली. तिच्यावरचा पोरगा उतरला. त्याने आधी निकिताकडे पाहिलं, मग स्कूटीकडे, मग स्कूटीच्या मागच्या चाकाकडे... आणि नजर तिथंच अडकली.

"लागलं का?"

"नाही."

"मग ठीक हाय. पण हे टायर हाय का ताट? पार गुळगुळीत झालंय की! कोणत्या दुकानदारानं असं फिरू दिलं तुमाला?"

निकिता ओढणी झटकत उठली. सेलूत पाथरी रोडला टायरचं दुकान होतं ते तिच्याच घरचं. सांगावं की गप्प बसावं? पण खोटं बोलायला तिला कधी जमलंच नव्हतं.

"माझ्याच बाबांनी," ती म्हणाली.

तो हसला नाही. ओठ घट्ट आवळून आभाळाकडे बघत उभा राहिला. मग हळूच तिच्याकडे पाहिलं... आणि दोघंही एकदमच हसत सुटले.

त्याचं नाव अंगद. बोरीचाच. घरी शेळ्यामेंढ्या, थोडीशी कोरडवाहू जमीन. कळपामागे माळावर मोटरसायकल फिरवता फिरवता त्याचा हात असा बसला, की दगडगोट्यातून गाडी पाण्यासारखी काढायचा. हे सगळं निकिताला नंतर कळलं, कारण चारच दिवसांनी तो दुकानात उभा होता.

"टायर पाहिजेत. शर्यतीला."

जिल्ह्यातल्या हौशी पोरांनी मिळून एक क्लब काढला होता. दिवाळी झाली की झरीच्या शिवारात, एका रिकाम्या वावरात त्यांची शर्यत होणार होती. निकिताचे बाबा, बालाजीराव, दुपारी जेवायला घरी जायचे आणि तेवढा वेळ ती दुकान सांभाळायची. तिने मागच्या खोलीतून बटन टायर काढले. रबराच्या मोठमोठ्या गाठींचे, मातीत चालणारे. दोन जोड्या त्याच्यापुढे ठेवल्या.

"हे कडक रानाचे. गाठी बुटक्या, जवळजवळ. मुरमावर पकड धरतात. आणि हे मऊ मातीचे. गाठी उंच, मधे जागा. चिखल आत बसत नाही, फेकला जातो."

अंगदने एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. गाठींवरून बोट फिरवलं. "बघून येतो एकदा रान," म्हणाला आणि गेला.

दोन दिवसांनी आला. पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले. मग परत आला, ते दुपारीच. मग दर दोन-तीन दिवसांनी यायला लागला.

"एवढा विचार तर मुलगी बघायला गेलेला माणूसही करत नाही," निकिता एकदा म्हणाली.

"मुलगी बघायला कशाला येळ लागतो? ती दिसती अन्..." तो थांबला. टायरच्या गाठी मोजल्यासारखं करू लागला. "टायरचं तसं न्हाई."

"दिसते अन्... काय?"

"काई न्हाई. चहा सांगू का?"

कान लाल झाले होते त्याचे. निकिताने मान वळवली, कारण तिचं हसू तिच्याच्याने आवरत नव्हतं.

आणि मग तो न आलेल्या दुपारी फार लांब व्हायला लागल्या. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या बाजाराकडे जायच्या, उडालेला कापूस उंबऱ्यावर येऊन अडकायचा. कुठलीही मोटरसायकल वाजली की तिचा हात नकळत केसांकडे जायचा. गाडी पुढे निघून जायची. हात तसाच राहायचा. ती स्वतःशीच म्हणायची — गिऱ्हाईक आहे, निकिता. टायर घेईल आणि जाईल.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात तो आला, तो पायात स्प्रिंग असल्यासारखा.

"नाशिकहून एक माणूस यायलाय शर्यतीला. तिकडं त्येंचा संघ हाय. पोरं शिकवतेत, मोठ्या शर्यतीत उतरवतेत. चांगली गाडी चालवली तर मला घेऊन जाईल, फोनवर म्हणला!"

"घेऊन जाईल?" निकिताने विचारलं.

"हो की! राहायचं-खायचं त्येंच्याकडंच. वरीस-दोन वरीस."

वरीस-दोन वरीस. तो किती सहज बोलून गेला! निकिता हातातलं फडकं उगीच घडी करत राहिली.

"आज टायर नेतोच. रान बघितलं मी सडकेवरून, कडक दिसतंय. पण तू झरीची भाची. तुला काय वाटतं?"

आज पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. एरवी या एका शब्दावर तिने चार दिवस काढले असते. पण आज...

तिला ते वावर माहीत होतं. मामाच्या शेजारचंच. वरची पट्टी कडक, पण खालच्या अंगाला कालव्याचा पाझर. वर सुकी पापडी धरलेली आणि खाली लोण्यासारखी काळी माती. बुटक्या गाठींचं टायर तिथं गेलं की चिखलानं भरणार. मग चाक नुसतं जागेवर फिरणार. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं.

"मला काय कळतंय," ती म्हणाली. "तुमचं तुमी बघा."

अंगदने चमकून पाहिलं. काही चुकलं का आपलं, असं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं. मग त्याने पैसे मोजले. कडक रानाची जोडी गाडीला बांधली आणि गेला.

त्यानंतर निकिताला घास गोड लागेना. जाणार नाही तो, ती मनाला सांगायची, इथंच राहील. आणि मन विचारायचं — राहील, पण कसा?

शर्यतीच्या दिवशी उजाडताच तिने मऊ मातीची जोडी स्कूटीवर लादली.

"मामाकडे जाऊन येते," ती बाबांना म्हणाली.

बालाजीराव दात घासत दारात उभे होते. त्यांनी टायर पाहिले, मग लेकीचा चेहरा पाहिला. "मामाला बटन टायर कशाला लागायलेत?"

निकिताने दोरीची गाठ उगीच चाचपली. त्यांनी चूळ भरली, पायरी उतरून आले आणि टायरची दोरी स्वतः ओढून बांधली. "सैल होती," एवढंच म्हणाले.

झरीच्या वावरात मंडप पडला होता, भोंगा वाजत होता. अंगद गाडीपाशी एकटाच बसला होता. तिला पाहून उठला... आणि टायर पाहून थांबला.

"खालच्या अंगाला पाझर आहे," निकिता एका दमात म्हणाली. "वरून दिसत नाही. बुटक्या गाठी भरतील. मला माहीत होतं. त्या दिवशीच माहीत होतं."

"मग बोलली कामून न्हाईस?"

भोंगा मधेच बंद पडला. ती स्कूटीवरच्या टायरची दोरी सोडायला लागली.

"मी हरावं, असं वाटलं तुला?"

"तुमी जाऊ नये, असं वाटलं."

अंगद तिच्याकडे बघतच राहिला. अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "अन् आज?"

"आज कळलं... हरून राहिलेले तुमी मला बघवणार नाही."

अंगदने स्कूटीवरचे टायर उतरवले. खाली बसला, चाक काढलं, टायरच्या कडेत लोखंडी लिव्हर घातला. "हे धर," म्हणाला. तिने धरलं. त्याने दुसऱ्या बाजूने दुसरा लिव्हर घातला. तिच्या बोटांवर त्याची बोटं आली, ग्रीसनं काळी झालेली, गरम.

"दाब. सोडू नको."

"नाही सोडत."

"निकिता..."

"आधी टायर," ती म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे, पण लिव्हर हलला नाही.

शर्यत सुरू झाली. वरच्या पट्टीवर सगळे वाऱ्यासारखे गेले. खालच्या अंगाला पापडी फुटली आणि एकेक गाडी रुतायला लागली. अंगदची गाडी मात्र दोन्ही बाजूंना चिखलाची कारंजी उडवत निघत होती. परभणीचा एक पोरगा त्याच्यापुढे राहिला, शेवटपर्यंत राहिला. अंगद दुसरा आला. पण नाशिकचा माणूस मंडपातून उठून आला, तो त्याच्याकडेच.

निकिताने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या त्याहून जास्त वेळ.

तो जायच्या दिवशी ती दुकानातच बसून होती. जायचं नाही, असं ठरवूनच. बालाजीराव हिशेबात डोकं घालून म्हणाले, "तपोवन एक्सप्रेस लेट हाय म्हणं आज. जाऊन यायचं तर येशील."

ती धावतच निघाली.

सेलूच्या फलाटावर अंगद उभा होता आणि शेजारी त्याची आई, कासाबाई. उन्हानं रापलेली, डोईवर पदर, हातात पिशवी. निकिता समोर येऊन थांबली, तशी कासाबाईंनी तिला खालून वर न्याहाळलं आणि लेकाला विचारलं, "हीच का?"

"हीच," अंगद म्हणाला.

एवढंच. पण आईसमोर, भर फलाटावर, तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला. निकिताला वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं... पण गाडी आलीच.

तो डब्यात चढला. दाराशी वळला. "वाट बघशील?"

"आजवर दुसरं काय केलंय?"

गाडी हलली. त्याचा हात दिसला, मग नुसता डबा, मग सगळे डबे सारखेच दिसायला लागले. रूळ बराच वेळ थरथरत राहिले.

कासाबाई पदराने डोळे पुसत होत्या. "तू कामून रडायलीस गं?"

"तुमी पण तर रडायलात."

"मी आई हाय त्येची." त्यांनी नाक ओढलं, तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "चल, बोरीच्या गाडीपतोर सोड मला. तू कोण, ते वाटेनं सांग."

निकिताने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी स्टेशनबाहेर चालायला लागल्या.