वाळूवरची पांढरी व्हॅन

जाई, राहू दे तो दिवा. बाल्कनीत एवढा उजेड पुरे. सारंग, खुर्ची पुढे ओढ, आणि मध्ये मध्ये इंग्रजी फाडू नकोस. मघाशी विचारत होतात ना, संक्रांतीला काकू तिळगूळ देते, मग या घरात हलवा का नसतो? सांगतो. हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही, आमच्या दिलीपच्या बाबतीत घडलंय. शिपयार्डात माझ्या हाताखाली होता तो. रचून सांगायची अक्कल त्याला आजही नाही.

पंच्याण्णव साल. चौदा जानेवारी, शनिवार. संध्याकाळी तुमच्या संजीवनीकाकूनं दिलीपच्या हातात स्टीलचा डबा ठेवला. गुळाच्या पोळ्या आणि तिळाच्या वड्या. म्हणाली, "श्रीनिवासभावोजींना देऊन ये. आणि काहीही कर, पण त्यांना घेऊनच ये."

श्रीनिवास म्हणजे माझा जिवाभावाचा दोस्त. बोटीवर चीफ इंजिनिअर. वर्षातला बहुतेक काळ पाण्यावर. त्याची बायको अरुणा इथंच सिंगापुरात, सेम्बावांगला, आमच्या ब्लॉकमध्ये, फ्लॅटवर एकटी. मूलबाळ नाही. एकदा त्याची बोट अमेरिकेला गेली आणि तिथून तो एक खूळ घेऊन आला. तिकडे म्हणे म्हातारी माणसं चाकांवरची घरं घेऊन सगळा हिवाळा वाळवंटात जाऊन राहतात. सरकारी जमीन, कुणी हटकत नाही, आणि रात्री कडाक्याची थंडी. अरुणानं ते ऐकलं मात्र, हट्टच धरला. "तुमचं घर सारखं हलत असतं, माझं जागचं हलत नाही. रिटायर झालात की दोघांचं मिळून एकच हलणारं घर करू. आणि तिथल्या थंडीत मी हलवा करीन, बघाच तुम्ही."

त्याचं काय आहे, हलव्याला काटा यायचा तर थंडी लागते. परातीत तीळ, खाली मंद आच, थेंब थेंब पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत बसायचं. पुण्याला तिच्या हलव्याचे काटे हाताला टोचायचे म्हणे. इथल्या दमट हवेत कुठला काटा यायला? दर संक्रांतीला बिचारी घाम पुशीत बसायची, आणि दर वर्षी त्याच गुळगुळीत गोळ्या. पण आमचा डबा तिनं कधी रिकामा परत केला नाही. त्या गोळ्या घालून द्यायची आणि वर हसायची, "गोड मानून घ्या वहिनी, काटा पुढच्या वर्षी."

मग ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. श्री तेव्हा भर समुद्रात. तो येऊन पोचला तेव्हा... सगळं आटोपलं होतं. तिचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही रे त्याला. खांदा दिला तो मी आणि दिलीपनं.

त्यानं नोकरी सोडली. पाव पोचवायची एक जुनी पांढरी व्हॅन घेतली, भंगारात निघायला आलेली. आत बोटीसारखे दोन बर्थ ठोकले. स्टोव्ह ठेवला, तिची परात ठेवली, तिच्या साडीचा पडदा केला. पासिर रिसच्या पुढे समुद्रात भर घालून केलेली जमीन आहे ना, तेव्हा नुसती वाळू होती तिथं, झाड नाही की माणूस नाही. वर्षअखेरीचे पावसाळी वारे सुटले तसा हा तिथं जाऊन राहिला. पोलीस यायचे. "अंकल, कॅनॉट स्टे हिअर ला." हा व्हॅन थोडी पुढे नेऊन लावायचा. मी जाऊन भांडलो, नाही नाही ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "पद्माकर, तिनं जन्मभर माझी वाट पाहिली. एक हिवाळा मला तिची पाहू दे. एक रात्र जरी ती या घरात राहिली ना, तर मी मुकाट्यानं परत येईन."

मी तसाच परत फिरलो.

सोमवारपर्यंत जागा सोडा, असं पोलिसांनी त्याला निक्षून सांगितलं होतं. म्हणून दिलीपला धाडलं. तो लिफ्टमध्ये शिरला असेल नसेल, तोच स्वयंपाकघरातून काकूचा हुंदका आला. "अहो, काय केलं मी हे! दरवर्षीच्या सवयीनं डब्यात अरुणाच्या नावची हळदीकुंकवाची पुडी घातली. भावोजी ती बघतील आणि..." मी धावत खाली गेलो, तर बस गेलेली. मोबाइल कुणाकडे होता तेव्हा!

दिलीप शेवटच्या स्टॉपवर उतरला. नऊ वाजून गेले होते. चांदणं होतं, वारा होता. चपलेत वाळू जात होती. लांबून व्हॅनचा दिवा दिसला. जवळ गेला तर आत बोलणं चाललेलं. एक आवाज साहेबांचा. दुसरा... हळू.

"चीफसाहेब?"

बोलणं थांबलं.

श्री बाहेर आला. गुळगुळीत दाढी. इस्त्रीचा शर्ट. आणि अंगात स्वेटर. सिंगापुरात! हसत होता. अरुणा गेल्यापासून दिलीपनं त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

"आलास? आत नको येऊ. ती हलव्याला बसलीय."

दिलीपला वाटलं, संपलं, साहेबांचं डोकं फिरलं. रडू आलं त्याला. "साहेब, चला ना घरी. संजीवनीवहिनी वाट बघतायत."

"उद्या निघतोय आम्ही."

आम्ही...

दिलीपनं डबा पुढे केला. श्रीनं हात मागे घेतला. "माझ्याकडे नको. तिच्या नावचं आहे त्यात."

दिलीपला पुडीचं काही ठाऊक नव्हतं. श्रीला कुणी सांगितलं?

पडदा हलला. आतून गार हवा आली. इतकी गार, की दिलीपच्या तोंडातून वाफ निघाली. आत परातीत तीळ फिरत होते. खुळखुळ... खुळखुळ... थांबले.

हात बाहेर आला.

हिरव्या बांगड्या. बोटांना साखर.

दिलीपनं हात ओळखला. त्याच हातचं जेवला होता तो. त्यानंच खांदा दिला होता...

काय म्हणालास, सारंग? डोन्ट ब्लफ? गप बस.

हातानं डबा घेतला. आत झाकण वाजलं. मग काही नाही... काहीच नाही. मग बाई हसली. हलकेच. आणि डबा परत आला. जड. बर्फासारखा गार. दिलीप पळाला. मागे वळला नाही.

सकाळी पोलिसांचा फोन आला. श्री झोपेतच गेला होता. मी गेलो ना ओळख पटवायला. खालच्या अरुंद बर्थवर होता, भिंतीला अगदी चिकटून, शेजारी कुणाला तरी जागा करून दिल्यासारखा. अरे, त्याला परत आणायला माणूस पाठवला होता आम्ही. परत आला तो फक्त डबा. त्या दिवशी मी किती रडलो ते काकूला विचारा. आणि खरं सांगू? हेवाही वाटला मला त्याचा.

डबा काकूनं उघडला. आत काय होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, मला दाखवलं. तेव्हापासून या घरात दुसरा हलवा आला नाही. चार वर्षं झाली. फ्रिजमध्ये नाही, साध्या कपाटात असतो तो डबा. इथं पापड तासाभरात मऊ पडतो, माहीत आहे ना?

संजीवनी, आण गं तो.

हं. जाई, हात पुढे कर. घाबरू नको, एकच दाणा घे. हळू... अगं, हळू.

टोचलं ना?