वन्संची वाफ

ह्यांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं आणि त्याआधी खोली तयार करायची होती. एवढंच काम होतं ते. तू माझ्या बहिणीची लेक, घरचीच, आणि विचारलंस म्हणून सांगते. एरवी मी हे कुणाजवळ काढत नाही. लोक आधी माझ्याकडे बघतात, मग एकमेकांकडे बघतात, आणि मग म्हणतात, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे.

डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. "फुप्फुसांत बुरशी बसली होती, ती आता आटोक्यात आहे. खोली कोरडी ठेवा. दमट हवेत परत झोपवलंत तर पुढच्या वेळी माझ्या हातात काही राहणार नाही." मी विचारलं, कोरडी म्हणजे किती. तर त्यांनी हवेतला दमटपणा मोजायचं एक छोटं यंत्र घ्यायला सांगितलं. घड्याळासारखं असतं, भिंतीवर टांगायचं. काटा निम्म्याच्या पुढे जाता कामा नये.

मी यंत्र टांगलं आणि एसी लावला. खोली गार झाली आणि काटा वर गेला. मला वाटलं, यंत्रच बिघडलंय. पण चादरीला हात लावला तर ती हाताला चिकटली. भिंतीला घाम आला होता. बाहेर रखरखीत उन्हाळा, ओठ फुटत होते, आणि आमच्या त्या एका खोलीत दार फुगून चौकटीत बसेना. जितका एसी चालवावा तितकी ओल वाढायची. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात ना, तसं.

ती खोली आधी वन्संची होती. माझी नणंद. सासूबाई लवकर गेल्या आणि ह्यांना वन्संनीच वाढवलं. हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगण्यात आलं आणि पुढे रोज सांगण्यात आलं. त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. वाफ. शिंक आली, वाफ घे. डोकं दुखलं, वाफ घे. परीक्षेत नापास झालास, चेहरा उतरलाय, ये, वाफ देते. पातेल्यात उकळतं पाणी, त्यात निलगिरीचं तेल, डोक्यावरून जाड टॉवेल आणि मानेवर वन्संचा हात. मान वर केली की हात घट्ट व्हायचा. "अजून थोडं, बाळ. अजून थोडं." बाळाचे केस पांढरे झाले तरी हे चालूच होतं.

बाळाला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींवर त्यांनी चिकटपट्ट्या मारल्या होत्या, पट्ट्यांवर पट्ट्या. एसीसुद्धा त्यांनीच पसंत केला, दुकानातला सगळ्यात मोठा. माझ्या भावाला कमी पडायला नको. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या, त्याच खोलीतल्या पलंगावर, आणि मग ती खोली ह्यांची झाली. आम्ही खिडकीला हात लावला नाही. गेलेल्या माणसाचं मन मोडू नये, अशी आमच्या घरची रीत. जिवंतपणी ऐकलं ते पुरेसं नव्हतं बहुतेक.

ह्यांना दुसऱ्या दिवशी सोडणार होते. दुपारची जेवणं झाल्यावर एसीवाला आला. बोलका माणूस, कामाला नेटका. रिमोट हातात घेतला आणि हसला.

"ताई, एसीचा हा पंखा सतत चालू ठेवायला कुणी सांगितलं?"

"असाच होता. का?"

"खोली एवढीशी आणि मशीन हॉलचं. झटक्यात गार करतं आणि बंद पडतं. हवेतलं पाणी ओढायला त्याला वेळच मिळत नाही. जे थोडं आतल्या कॉइलवर जमतं ते नळीतून बाहेर जायच्या आधी हा पंखा परत खोलीत फुंकतो. म्हणजे पाणी काढायचं आणि पुन्हा तेच ओतायचं. यात भूतबीत काही नाही."

भुताचं नाव मी काढलंच नव्हतं. पण लोकांना सवय असते.

त्यानं जाळी धुतली, कॉइल साफ केलं, पाण्याची नळी फुंकून मोकळी केली आणि तिचं तोंड गॅलरीतल्या बादलीत सोडलं. पंखा ऑटोवर टाकला, मशीन ड्राय मोडवर लावलं. आम्ही दोघं यंत्राखाली उभे राहिलो. काटा हळूहळू उतरू लागला. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला सरबत करायला आत गेले.

परत आले तेव्हा तो काट्याकडे बघत होता आणि हसत नव्हता.

काटा वर चढत होता. मशीन बंद होतं.

"मेन स्विच काढलाय मी," तो म्हणाला. "बघू म्हटलं, काय करतंय..."

त्यानं एसीच्या तोंडापुढे हात धरला आणि झटकन मागे घेतला. मीही धरला. गरम होतं. ओलं आणि गरम, उकळत्या पातेल्याचं झाकण काढल्यावर येतं तसं. आणि वास आला. निलगिरीचा.

"ताई, मशीनमध्ये काही टाकलंत का तुम्ही?"

"नाही."

तो गॅलरीत जाऊन आला. "बादली कोरडी आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "पाणी बाहेर पडत नाहीये. मग हे सगळं येतंय कुठून..." जरा थांबून त्यानं विचारलं, "या खोलीत आणखी कोण असतं?"

"आता कुणी नाही."

तेवढ्यात पलंगापाशी टॉवेल झटकल्याचा आवाज झाला. एकदाच. सुती, जाड टॉवेल, घडी मोडताना होतो तसा. पलंगावर टॉवेल नव्हता. खोलीतच नव्हता.

एसीवाला दाराकडे सरकला. "हे माझ्या कामातलं नाही, ताई," एवढंच म्हणाला. हत्यारांची पिशवी तिथेच राहिली. जिन्यावरून त्याची पावलं धडाधड उतरताना ऐकू आली, आणि त्याचा मला राग नाही. त्याचं कोण होतं तिथे?

मी मात्र जाणार नव्हते. ह्यांच्या उशीला नवा अभ्रा घालायचा राहिला होता. तो तर घालू, असं म्हणून मी पलंगावर वाकले. आणि उजेड गेला. भर दुपारी. दिवा विझतो तसा नाही, वरून काहीतरी पांघरलं जावं तसा, कडेकडेनं. हवा जाड झाली. नाकातोंडात निलगिरी भरली. श्वास घेतला की आत पाणीच जात होतं. मी मान वर करायला गेले आणि मानेवर हात आला.

ओळखीचा हात होता. बोटांची पेरं सुजलेली, अंगठा कानामागे.

"अजून थोडं, बाळ. अजून थोडं..."

त्यांना मी नको होते, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. त्या उशीवर जे डोकं वाकेल ते त्यांच्या भावाचं, एवढंच त्यांना उमजत होतं. दुसऱ्या दिवशी तिथे खरंच त्यांच्या भावाचं डोकं असणार होतं. आणि वन्सं त्याला प्रेमानं, अगदी मायेनं, मारणार होत्या.

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू? पण त्याहून राग जास्त आला, आणि तो आजचा नव्हता, पहिल्या दिवसापासून साठलेला होता. मी दोन्ही हात गादीवर रोवले आणि मान वर रेटली. त्यांनी दाबली. मी पुन्हा रेटली. आयुष्यात पहिल्यांदा मी वन्संच्या हाताला विरोध केला. सगळ्या अंगाला घाम फुटला, पण मान वर आली.

"वन्सं, पुरे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तुम्ही त्यांना वाढवलंत. तुमचे उपकार आहेत, मी नाकारत नाही. पण त्यांना आता वाफ सोसत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही त्यांना बरं करत नाही आहात, बुडवत आहात."

अंधार तसाच. पाणी उकळल्यासारखं काहीतरी बुडबुडत होतं.

"ऐकू येत नसेल तर नका ऐकू. माझं तुम्ही कधी ऐकलंत? पण नवरा माझा आहे. मी त्यांना तुमच्या हाती देणार नाही."

मी चाचपडत खाली वाकले. पिशवीतला स्क्रूड्रायव्हर हाताला लागला. भिंतीला धरून खिडकीपर्यंत गेले आणि पट्ट्यांखाली टोक घालून ओढत सुटले. एकेक पट्टी सुटत होती आणि मागून कुणीतरी पदर धरून मला खेचत होतं, जोरात, रडवेलं झाल्यासारखं. तेव्हा मला त्यांची कीवही आली. खरंच आली. म्हणून मी पुढचं बोलले, मुद्दाम, विचार करून.

"द्यायचीच असेल वाफ तर मला द्या. मी बाहेर हॉलमध्ये झोपेन. तिथे या, रोज या, हौस फिटेपर्यंत. माझी फुप्फुसं ठणठणीत आहेत, बघू कोण आधी दमतं ते. पण या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

शेवटच्या पट्टीसरशी खिडकी उघडली. उन्हाळ्याचा कोरडा, तापलेला वारा तोंडावर आला. पदर सुटला. खोलीत लख्ख ऊन होतं आणि काटा खाली येत होता.

पुढचं तुला ठाऊक आहे. मी छोटा एसी बसवून घेतला, दुसऱ्या माणसाकडून. आधीचा फोनच उचलत नव्हता. हे घरी आले. डॉक्टर दर तपासणीला म्हणतात, छाती स्वच्छ आहे, काय केलंत काय तुम्ही? मी म्हणते, खिडकी उघडली. ह्यांना यातलं काही माहीत नाही आणि तूही सांगायचं नाहीस. बहिणीबद्दल त्यांच्या मनात जे आहे ते तसंच राहू दे.

आता ऐक जरा. आत झोपलेत ते. खोकल्याचा आवाज येतोय? नाही ना? मग मला बाकी कशाचं काही नाही. सकाळी माझी उशी पिळून वाळत घालावी लागते, तर मी घालते. इथे हॉलमध्ये का झोपतेस, असं सगळे विचारतात, तर विचारू देत. मी शब्द दिलाय, वन्संनीही पाळलाय, आणि अजून तरी मी दमलेली नाही.

चष्मा पूस तुझा. नाही, बाहेरून नको. वाफ आतल्या बाजूला धरलीये.