तारखांच्या चौकोनात

लोक म्हणतात, धुक्यात काही दिसत नाही. मला तसंही काही दिसत नाही, लहानपणापासून. त्यामुळे जानेवारीत सगळी दिल्ली चाचपडत चालायला लागते, तेव्हा मी मात्र रोजच्यासारखी काठी घेऊन घराबाहेर पडते. त्या दिवशीही पडले. संक्रांत होती. आई-बाबा पुण्याला गेले होते. डब्यात पोळी-भाजी, वर आईने करून ठेवलेले दोन तिळाचे लाडू. द्वारकेहून मेट्रोत बसले आणि नोएडाला उतरले.

आमच्या कंपनीत लोकांच्या वेबसाइट्स तपासायचं आणि त्यातल्या चुका दुरुस्त करायचं काम चालतं. आंधळ्या, थरथरत्या हातांच्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसांना ती साइट वापरता येते का, हे बघायचं. पहिली फेरी एक टूल आपोआप करतं. ते पान न् पान फिरून चुका काढतं. त्यातून जे सुटतं ते मी कानांनी शोधते. माझ्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर आहे. मी टॅबची कळ दाबत पुढे जाते, आणि पडद्यावर जे असेल ते एका बाईच्या इंग्रजी आवाजात मला ऐकू येतं.

धुक्यामुळे ऑफिसात कोणीच पोचलं नव्हतं. जवळच राहणारा विनय तेवढा आला होता. टूल चालवायचं काम त्याचं. एरवी फोन, खुर्च्या आणि हसण्याने भरलेला तो मजला इतका गप्प होता की हीटरच्या तारा तापल्याची बारीक कुरकुर मला ऐकू येत होती. खिडक्यांच्या फटींतून धुराचा, जळक्या पाचोळ्याचा वास आत येत होता.

"हॉस्पिटलवाली साइट हो गयी," विनय म्हणाला. "ज़ीरो एरर. तू एक बार सुन ले, फिर उद्या क्लायंटला पाठवू." माझ्याबरोबर राहून तो असं अर्धंमुर्धं मराठी बोलायला शिकला होता.

आमच्या द्वारकेतल्याच एका खाजगी हॉस्पिटलची साइट होती ती. मी हेडफोन लावले.

पहिली पानं सरळ गेली. मग अपॉइंटमेंटचं पान आलं. डॉक्टर निवडले. तारखेवर आले तसं कॅलेंडर उघडलं. बाई बोलायला लागली.

"वन. नॉट अव्हेलेबल. टू. नॉट अव्हेलेबल. थ्री. नॉट अव्हेलेबल."

मी टॅब दाबत राहिले. महिना संपला की पुन्हा एक तारीख. ना पुढचा महिना, ना मागे जायची वाट. एस्केप दाबलं, काही नाही. माउसवाला माणूस बाहेर कुठेही क्लिक करून सुटला असता. कळांवर चालणारा आत गेला की आतच. टूलला हे कळत नाही. प्रत्येक चौकोनाला नाव आहे ना, रंग ठीक आहेत ना, एवढं ते बघतं. आत शिरलेला माणूस बाहेर येऊ शकतो का, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

"नॉट अव्हेलेबल. नॉट अव्हेलेबल."

हे शब्द मी आधी ऐकले होते. त्या पानावर नव्हे, एका माणसाच्या तोंडून.

आमच्या सोसायटीत समोरच्या इमारतीत बाळकाका आणि वासंतीकाकू राहायचे. काकूंची नजर साठीनंतर काचबिंदूने गेली. त्यांना कॉम्प्युटर मी शिकवला, दर रविवारी. त्या बहिणीला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या आणि स्क्रीन रीडरमधली तीच बाई ते वाचायला लागली की पोट धरून हसायच्या. 'अहो'चं ती 'एहो' करायची.

आदल्या वर्षी याच दिवशी काका मराठी मंडळाच्या बसने पानिपतला गेले होते, काला अंबच्या स्मारकावर, तिथल्या लढाईत पडलेल्या मराठ्यांना फुलं वाहायला. काकूंना खोकला होता म्हणून त्या घरीच राहिल्या. येताना बस धुक्यात अडकली. काका संध्याकाळी घरी पोचले तेव्हा काकू कॉम्प्युटरसमोर खुर्चीत होत्या. मान एका बाजूला, बोट कळेवर. गेलेल्या. आणि कॉम्प्युटर बोलतच होता. "ती बाई एकच काहीतरी म्हणत होती गं," काकांनी मला नंतर सांगितलं होतं, "नॉट अव्हेलेबल, नॉट अव्हेलेबल. मी प्लगच उपसला." छातीत दुखत असताना त्यांनी हॉस्पिटलला फोन केला असणार, आणि रेकॉर्ड केलेल्या आवाजाने त्यांना वेबसाइटवर पाठवलं असणार, एवढाच अंदाज आम्ही बांधला. कुठलं हॉस्पिटल, ते कळलं नव्हतं.

आता कळलं.

विनयला सांगावं म्हणून मी हात कळांवरून उचलले, मांडीवर ठेवले.

"इलेव्हन. नॉट अव्हेलेबल," बाई म्हणाली. जरा थांबून, "ट्वेल्व्ह. नॉट अव्हेलेबल."

मी काहीच दाबत नव्हते.

हळूच एक बोट पुढे नेलं, टॅबच्या कळेवर नुसतं टेकवलं. कळ माझ्या बोटाखाली खाली जात होती. वर येत होती. पुन्हा खाली. सावकाश, दमलेल्या माणसाने दाबावी तशी.

"विनय..." मी म्हटलं, "इकडे ये."

त्याने हेडफोनची वायर काढली. आवाज खोलीत पसरला. तारखा थांबल्या. आणि मग तीच इंग्रजी बाई, शब्द मोडत, हेल चुकवत, बोलली.

"एहो... एहो... ऐक टा का..."

"ये कौन-सी लैंग्वेज है?" विनयचा आवाज एकदम खाली आला.

"मराठी."

"क्या बोल रही है?"

"नवऱ्याला हाक मारतेय."

विनयची खुर्ची मागे सरकली. तो पळेल असं मला वाटलं. पळाला नाही. हीटरची कुरकुर तेवढी चालू होती.

"काकू?" मी म्हटलं. भीती वाटत होती, पण रडू जास्त येत होतं. "काकू, मी देविका."

मग एकेक अक्षर जुळवल्यासारखं, "डे... वी... का. बा हेर... क सं... ये उ?"

एक वर्ष. आम्ही तिथीने वर्षश्राद्ध केलं, पानं वाढली, काकांचे डोळे पुसले. आणि त्या इथे होत्या. या चौकोनात. तारखेमागून तारीख दाबत.

"विनय, या कॅलेंडरला बाहेर यायची वाट करून दे. आत्ता."

"सरांना विचारल्याशिवाय लाइव्ह साइटला हात लावला तर नौकरी जाएगी, देविका."

"मग मला सांग कुठे काय लिहायचं. मी लिहिते."

तो उठला. मग माझ्या शेजारी येऊन बसला. त्याची बोटं कळांवरून घसरत होती, एक शब्द तो पुन्हा पुन्हा पुसत होता. मध्येच तोंडातल्या तोंडात त्याने कुठल्याशा देवाचं नाव घेतलं. तोवर ती बाई थांबून थांबून म्हणत होती, "एहो... एहो..."

"हो गया," विनय पुटपुटला. "एस्केप दबाने से बंद होगा."

मी पडद्याच्या दिशेने वाकले. रविवारी शिकवताना बोलायचे तशीच बोलले. "काकू, एस्केप दाबा. डावीकडे, अगदी वर, कोपऱ्यात. एकटीच असते ती कळ. घाई नाही."

कीबोर्डवर काहीतरी सरपटल्याचा आवाज आला. बोटांनी चाचपत जावं तसा. मग एक 'टक'.

"कॅलेंडर क्लोज्ड," बाई म्हणाली.

त्यानंतर ती काहीच बोलली नाही. विनयने माझा हात धरला होता.

संध्याकाळी मी घरी न जाता आधी काकांकडे गेले. काय सांगायचं ते ठरत नव्हतं. काकांनी दार उघडलं. घरात लावलेल्या दिव्याच्या तेलाचा वास होता.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "आज तो आवाज थांबला गं."

"कुठला आवाज, काका?"

"तुला सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही. वेडा म्हणतील म्हणून." ते खुर्चीत बसल्याचं मला ऐकू आलं. "कॉम्प्युटर मी तेव्हाच देऊन टाकला. पण त्या कोपऱ्यात टकटक चालू असायची. कळ दाबल्यासारखी. रोज. मला भीती नव्हती वाटत. मी गादीच तिथे टाकली होती. म्हटलं, असू दे, आहे जवळ. आणि आज दुपारी... बंद."

मी सगळं सांगितलं. काकांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"मला हाक मारत होती?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो."

"वर्षभर?"

मी त्यांच्या खुर्चीशी जाऊन बसले.

"मी रोज ऐकत होतो, देविका. मला वाटायचं, सोबत करतेय माझी. ती बोलावत होती... आणि मी शेजारी पडून ऐकत होतो." मग हलकेच, "त्या दिवशीसुद्धा बोलावलं असेल तिने. अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्यांना फुलं वाहत होतो मी."

त्यांचं रडणं अगदी बारीक होतं, लहान मुलासारखं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. एस्केपची कळ दाबायला लावून मी काकूंना सोडवलं होतं, आणि या माणसाचं घर रिकामं केलं होतं. दोन्ही खरंच होतं.

निघताना ते दारापर्यंत आले. "सांभाळून जा गं," म्हणाले. "धुकं फार आहे." दार लागलं.

खाली उतरले. दोन इमारतींमधला रस्ता माझ्या पायाखालचा. वॉचमनच्या शेकोटीचा धूर, ओल्या मातीचा वास, बाकी सगळं चिडीचूप. थोडं चालले असेन. कोणीतरी माझं कोपर धरलं.

डोळस माणसं आम्हाला दंड पकडून पुढे ढकलतात. हा हात तसा नव्हता. आंधळं माणूस ज्याच्या मागे चालतं त्याचं कोपर धरतं, तसा होता. अर्धं पाऊल मागे राहून, हलका, विश्वासाने.

"काकू," मी हळूच म्हटलं, "तुमचं घर मागे राहिलं."

हात सुटला नाही. मी त्यावर माझा हात ठेवला. गार होता, खरखरीत होता, आणि एका बोटात जाड अंगठी होती. पुरुषाचा हात.

मी थांबले. तोही थांबला. त्याच्या मागे कोणाची तरी पावलं थांबली. त्याच्या मागे आणखी कोणाची. आणखी मागे धुक्यात कोणीतरी लहान मूल खोकलं, आणि तेही थांबलं. त्या कॅलेंडरमधून काकू एकट्याच बाहेर आल्या नव्हत्या. एकमेकांची कोपरं धरून सगळे उभे राहिले, मी पाऊल टाकायची वाट बघत.